नायकाच्या मागची किटली

तांड्यात रणजीत आडेला लहानथोर सगळे सायेब म्हणायचे. आता सायेब म्हणजे काय, तर तलाठी नव्हता की ग्रामसेवक नव्हता. गोरेगावात जीपा थांबतात तिथं, पंक्चरवाल्याच्या शेजारी त्याचं कॉम्प्युटरचं दुकान. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे अर्ज, कुणाच्या मोबाइलची स्क्रीन गेली तर तीही. पण पोरगं इंजिनिअर झालेलं, पुण्यातल्या कंपनीत काही वर्षं थंड खोलीत बसून आलेलं, म्हणून सायेब. त्याची आई रूपाबाईसुद्धा पाहुण्यांसमोर त्याला सायेबच म्हणायची. "काय लावलंय हे सायेब-सायेब," असं तो अधूनमधून म्हणायचा खरा, पण त्यात काही दम नव्हता. आवडायचं त्याला.

सायेब न म्हणणारं एकच माणूस होतं, धुरपताबाई. ही कारभाऱ्याची बायको, रणजीतच्या बापाची चुलत भावजय, म्हणून रणजीतची काकी. ती त्याला रण्या म्हणायची. एकटं असताना नव्हे, भर दुकानात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत. "रण्या, माझा अंगठा उठंना झाला रे, बघ जरा." गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची आणि सायेबांचा चेहरा पडायचा. काकीला त्याचं काही नव्हतं. शाळा सुटली की तिच्या ओसरीवर बसून भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन खाणारं लेकरू तिनं बघितलं होतं, मग ती कशाची सायेब म्हणते!

तांड्यात मान पहिला नायकाचा आणि त्याच्या मागं कारभाऱ्याचा. भांडणतंट्यात नायकानं बोलायचं आणि कारभाऱ्यानं ते निभावून न्यायचं, ही बापजाद्यांपासूनची वहिवाट. पुनमचंद नायक म्हातारे झाले तरी धडधाकट होते. कारभारी मात्र मागच्या उन्हाळ्यात गेले, आणि घरात राहिली धुरपताबाई, एक म्हैस आणि म्हशीची वगार. कारभारी होते तोवर त्या घरचं दूध कधी डेअरीला गेलं नव्हतं. त्याचं तूप व्हायचं. सेवाभायाच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या संताच्या, जयंतीला भोग लागतो तेव्हा गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर जे तूप ओततात, ते कारभाऱ्याच्याच घरचं लागतं, अशी या तांड्याची रीत आहे. दुसऱ्या कुणाचं चालत नाही. धुरपताबाईनं सासू गेल्यापासून ते तूप कधी चुकवलं नव्हतं.

पण नवरा गेल्यावर मीठ-मिरचीला पैसा लागतो, म्हणून तिनं दूध संकलन केंद्रावर घालायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी किटली घेऊन ती रांगेच्या शेवटाला जाऊन उभी राहिली. पुनमचंद नायकांची गाय दुभती होती, त्यांची किटली रोज पहिली. त्यांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाले, माझ्या मागं कारभाऱ्याची जागा आहे, ती रिकामी राहणार नाही. तेव्हापासून रोज नायकांच्या मागं धुरपताबाईची किटली. तांड्यात कुणी ती रांग मोडत नसे. हा मान पुढं तिच्याच जिवावर उठणार होता, पण ते तेव्हा कुणाला कळणार?

आता इथं त्या केंद्रातल्या कॉम्प्युटरचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं समजायचं नाही. घाबरू नका, फार नाही. वाटीभर दूध मशीनला लावलं की मशीन त्यातला फॅट मोजतं आणि वायरीतून कॉम्प्युटरला एक ओळ पाठवतं. मशीनचा स्वतःचा पडदा कधीच मेला होता, त्यामुळं कॉम्प्युटर सांगेल तेच खरं. कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम दोन भागांचा. नावं, दर, पावत्या हा मोठा भाग पायथन नावाच्या भाषेत. मशीन काय बोलतं ते पकडणारा बारका भाग मात्र सी भाषेत, पायथनला बाहेरून जोडलेला. नांदेडकडच्या कुणीतरी फार पूर्वी तो लिहिला आणि तो माणूस कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. आसपासच्या केंद्रांवर त्याची देखभाल रणजीतकडं होती.

पावसाळ्यात वीज पडली आणि तांड्याच्या केंद्रातला जुना कॉम्प्युटर जळाला. नवा आला, त्यावर पायथनही नवं आलं. मोठा भाग रणजीतनं चुटकीसरशी बदलला. तो सीमधला तुकडा मात्र नव्या पायथनला जोडूनच घेईना. जोडणीचे नियमच बदललेले. जुन्यात वाचायची अक्षरं आणि मशीनकडून आलेले कच्चे बाइट एकाच डब्यात चालायचे, नव्यात प्रत्येकाचा डबा वेगळा. एक ओळ सुधरावी तर तीन ठिकाणी बोंब. पण खरं सांगायचं तर रणजीतला मजा आली. पुणं सुटल्यापासून असं काम हाताला लागलं नव्हतं. झेरॉक्सला आलेल्या माणसाला तो "थांबा हो जरा" म्हणायचा आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घालायचा.

काम त्यानं चांगलं केलं, त्यात वाद नाही. फक्त दोन जागी माती खाल्ली.

जुन्या कोडमध्ये फॅटच्या आकड्याला टिंबाच्या आधी दोन घरं ठेवली होती. रणजीतनं एकच ठेवलं. दहाच्या वर फॅट कुठल्या म्हशीला लागतो, असं म्हणून तो स्वतःशीच हसला. नांदेडच्या बाबानं म्हैस फक्त चित्रात बघितली असंल! आता हे कोण म्हणतोय? म्हशीच्या शेपटीला धरून लहानाचा मोठा झालेला, तांड्यातला पोरगा.

दुसरी जागा याहून वाईट. मशीनची ओळ नीट आली नाही की जुना प्रोग्रॅम चूक कळवायचा, स्क्रीन लाल व्हायची, आणि केंद्राचा सचिव दूध पुन्हा लावायचा. नव्यात ते रणजीतला काही जमेना. लाल स्क्रीन येण्याऐवजी सगळा प्रोग्रॅमच बंद पडायचा. शांतपणे बसला असता तर सापडलं असतं. पण केंद्र सुरू करायची घाई होती, आणि प्रोग्रॅम बंद पडला तर भल्या सकाळी रांग खोळंबणार, फोन येणार, सायेबांची शोभा होणार. म्हणून त्यानं शक्कल काढली. ओळ कळली नाही तर गुपचूप मागचाच आकडा दाखवायचा. वायर हलली तर कधी तरी एखाद्या वेळी होईल, कुणाला समजणार आहे? शेजारी त्यानं आपल्यासाठी लिहून ठेवलं, "नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही.

नवा कॉम्प्युटर सुरू झाला तेव्हा नायकांनी नारळ फोडला. सायेबांनी जुन्या मशीनला नवं डोकं बसवलं म्हणून तांड्याला कोण कौतुक! धुरपताबाईनं खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "रण्या, तुझ्या बापाला बघायला पायजे होतं रे हे." सगळ्यांसमोर रण्या म्हटल्याचं त्याला त्या दिवशी काही वाटलं नाही.

दिवाळी झाली, तुरी फुलोऱ्यात आल्या, थंडी पडली. धुरपताबाईची म्हैस उतरतीला लागली, दूध आटायला लागलं. आणि एके दिवशी तिच्या दुधाला फॅट लागला तीन-सात, म्हणजे तीन टिंब सात. म्हशीच्या दुधाला! गाईला एवढा चालतो, पण म्हशीचं दूध सहाच्या खाली आलं की त्यात पाणी आहे असं समजून परत करायचं, असा दूध संघाचा नियम. सचिव शिवशंकर हा गोरेगावचा पोरगा, मनानं वाईट नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं कानाडोळा केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. दूध दिसायला तर दाट दिसतं, असं तो पुटपुटलासुद्धा, पण दिसण्यावर कोण विश्वास ठेवतो? त्यानं धुरपताबाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं सेवाभायाची आण घेतली. पण ती मोठ्यानं घेतली, आणि रांगेनं ऐकली.

झालं. म्हैस आटली म्हणून कारभारीण पाणी घालून राहिली, ही बातमी ऊन वर यायच्या आत तांडाभर झाली. जो तांडा एके काळी बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरला, ज्याच्याकडं लोक विश्वासानं माल सोपवायचे, त्या तांड्यात दुधात पाणी म्हणजे चोरीपेक्षा हलकं काम. शिवशंकरनं रणजीतला फोन लावला. एकदा मशीन बघून जा सायेब, म्हातारीवर आळ नको.

रणजीत दुपारी आला. त्यानं वायर बघितली, मशीन धुतलं, घरून आईकडून तांब्याभर दूध आणून लावलं. सहा-नऊ. बराबर. धुरपताबाईच्या घरी जाऊन तिचं दूध आणावं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण काकीच्या दारात जाऊन तुझं दूध तपासतो म्हणायचं कसं, म्हणून त्यानं ते टाळलं. आणि आपल्या कामात चूक असेल, हे तर त्याच्या डोक्याला शिवलंच नाही. संध्याकाळी रांग लागली, सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते, धुरपताबाई तर जास्तच. तिला वाटत होतं, माझा रण्या आलाय, तो काय ते सांगंल.

रणजीत म्हणाला, "मशीन खोटं बोलत न्हाई, काकी."

तिनं किटली पुढं केली, नायकांच्या मागोमाग दूध लागलं, स्क्रीनवर आलं तीन-सहा. शिवशंकरनं मान खाली घालून दूध परत न्यायला सांगितलं. खरं तर नायकांच्या पावतीवरही तीन-सहाच होतं. एकामागं एक दोन सारखे आकडे, तेही रोज. एकाला तरी दिसायला पाहिजे होतं, आणि सगळ्यांत आधी तिथंच दाराशी उभ्या असलेल्या इंजिनिअरला. पण पावत्या दोन घरी जातात, आणि म्हातारीच्या परत चाललेल्या किटलीवरून कुणाची नजर हटत नव्हती. भरली किटली कमरेवर घेऊन ती अख्ख्या तांड्यातून चालत घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून नायकांच्या मागची जागा रिकामी.

ती दुकानातही यायची बंद झाली. रेशनसाठी तिचा अंगठा द्यायचा राहिला होता. रूपाबाई म्हणाली, ती आता तोंड दाखवायला लाजून राहिली, तूच जा अंगठ्याचं मशीन घेऊन. रणजीत दिवस कलताना गेला. धुरपताबाई गोठ्यात होती. त्याला बघून तिनं बस म्हटलं, आणि वगारीचं दावं सोडलं.

वगार धावत जाऊन कासेला लागली. रणजीत बघत राहिला. बाकी सगळे वासराला पान्ह्यापुरतं तोंड लावू देतात आणि ओढून बांधतात. काकीचं तसं कधीच नव्हतं. आधी लेकराचं पोट, मग आपली चरवी. वगारीच्या तोंडाला फेस आला, तिनं आपणहून कास सोडली, तेव्हा काकी खाली बसली आणि उरलंसुरलं दूध काढलं. थोडंसंच, पण पिवळसर, दाट. लहानपणी हे त्यानं शेकडो वेळा बघितलं होतं. मग तिनं हात धुतले आणि सवयीनं, काही न विचारता, त्याच्यापुढं भाकरी आणि लोण्याचा गोळा ठेवला.

गोळा मोठा होता. केवढ्या दुधाचं हे लोणी, त्यानं विचारलं. तिनं कोपऱ्यातलं लहानसं भगुणं दाखवलं. रणजीतचा घास तोंडातच राहिला. पाणी घातलेल्या दुधाचं एवढं लोणी निघत नाही, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. वासराला सुरुवातीचं पातळ पाजायचं आणि शेवटचं दाट आपण काढायचं, त्यात म्हैस उतरतीची. फॅट दहाच्या वर जाणार नाही तर काय होणार? दहाच्या वर. टिंबाच्या आधी दोन घरं.

त्यानं बाटलीभर दूध मागितलं. काकीनं बाटली भरताना फक्त एवढंच विचारलं, "मशीन खोटं बोलत न्हाई ना? मंग काहून पायजे?"

तो तडक केंद्रावर गेला. रांग अजून लागायची होती, शिवशंकर मागं कॅन धूत होता. रणजीतनं मशीनची वायर आपल्या लॅपटॉपला लावली आणि काकीचं दूध मशीनला लावलं. मशीननं सरळ सांगितलं, दहा-आठ. मग वायर केंद्राच्या कॉम्प्युटरला लावून तेच दूध पुन्हा. स्क्रीनवर आलं सात-एक, म्हणजे सकाळच्या शेवटच्या माणसाचा आकडा. मशीन खोटं बोललंच नव्हतं. ते रोज सकाळ-संध्याकाळ खरं सांगत होतं, आणि रणजीतचा प्रोग्रॅम ते फेकून देऊन नायकांच्या गाईचा फॅट काकीच्या म्हशीला लावत होता. नायकांच्या मागं तिची जागा मानाची ना!

एवढी शरम त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. दुरुस्ती काय, चहा उकळून खाली उतरेपर्यंत झाली. एक घर वाढवलं, आणि जे आधी जमलं नव्हतं ते लाल स्क्रीनचंही आता मुकाट्यानं बसून जमवलं. "नंतर बघू" खोडलं. तेवढ्यात शिवशंकर ओले हात पुसत आला आणि काय झालं होतं म्हणून विचारलं. सांगायची हीच वेळ होती. रणजीत म्हणाला, वायर जरा सैल होती, बसवली.

आपण चूक केली तेव्हा आपल्याला ठाऊक नव्हतं, असं तो मनाला समजावू शकत होता. हे मात्र त्यानं समजून-उमजून केलं.

त्यानं काकीला निरोप दिला की मशीन साफ केलंय, उद्यापासून दूध आण. ती येत नाही म्हणाली, रूपाबाईनं आग्रह केला, तेव्हा आली. नायकांनी सरकून तिला जागा दिली. दूध लागलं आणि शिवशंकर ओरडलाच, दहा-सहा! सबंध केंद्रात एवढा फॅट कुणाचा नव्हता. मग मागून कुणीतरी म्हणालं की आता कारभारणीच्या घरी पाणी महाग झालं वाटतं, आणि रांग हसली. दुसरं कुणी म्हणालं, सायेबांनी पकडलं म्हणून सुधारली. पुन्हा हसणं. धुरपताबाईनं वळून रणजीतकडं बघितलं. तो दाराशीच उभा होता. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि त्यात बघायला लागला.

तिचं दूध खरं ठरलं, आणि त्यामुळंच ती चोर ठरली. आधी पाणी घालत होती, आता सोडलं, एवढाच त्याचा अर्थ तांड्यानं लावला. रणजीतनं चूक दुरुस्त करून तिच्यावरचा आळ पक्का केला होता.

घरी रूपाबाई शेजारणीला सांगत होती, आमच्या सायेबामुळं तिची खोड मोडली. ऐकून त्याला ताटावरून उठावंसं वाटलं. बायको निता म्हणाली, चेहरा काहून असा? तो म्हणाला, डोकं दुखतंय. पुढचे दिवस असेच गेले. सकाळी केंद्राकडून जाणारा रस्ता त्यानं सोडला, शेतातून वळसा घालून दुकानात जायला लागला. रोज ठरवायचा, आज नायकांना सांगतो. आणि रोज त्याला वाटायचं, सांगितलं तर उद्यापासून आपल्याला कोण विचारणार? केंद्रं जातील, दुकानात लोक हसतील. एवढा शिकला आणि म्हशीचा फॅट कळला नाही म्हणतील. काकीचं काय, लोक विसरून जातील. असं म्हणायचा आणि स्वतःचीच किळस यायची.

फेब्रुवारीत सेवाभायाची जयंती आली. देवळासमोर पांढरा झेंडा चढला, बायांची गाणी सुरू झाली, मोठ्या कढईत गुळाचा शिरा शिजला. अंगणात गोवऱ्यांचे निखारे फुलले, आणि तांडा गोल करून बसला. धुरपताबाई तुपाची चरवी पदराखाली धरून आली. बायांमध्ये कुजबुज उठली. पाणी घालणाऱ्या हातचं तूप सेवाभायाला कसं चालंल?

पुनमचंद नायक उठले. माणूस चांगला, त्यांना काकीला वाचवायचंच होतं. ते म्हणाले, चूक माणसाकडूनच होते, बाईनं पाणी घालणं सोडलं आहे हे सगळ्यांनी बघितलं. आता तिनं तांड्यापुढं डोकं टेकून माफी मागावी आणि विषय मिटवावा. मग कारभाऱ्याच्या घरचं तूप पहिल्यासारखं घेऊ.

धुरपताबाई पुढं आली. मग म्हणाली, "पाणी म्या घातलं न्हाई. पण माझ्यापायी कारभाऱ्याच्या घरची रीत मोडू नये." तिनं चरवी खाली ठेवली, गुडघ्यावर हात टेकले आणि वाकायला लागली.

रणजीत पुरुषांच्या मागच्या ओळीत होता. कसा उठला ते त्याला नंतरही सांगता आलं नाही. "थांब काकी," तो म्हणाला. "वाकू नको. चूक माझी हाय."

सगळ्या माना वळल्या. त्याला वाटलं होतं, कोड, पायथन, बाइट हे सगळं तांड्याला समजावून सांगावं लागेल. काही लागलं नाही. तो म्हणाला, मशीन काकीच्या दुधाला दहाच्या वर फॅट सांगत होतं. दहाच्या वर फॅट असतो हे मी धरलंच नाही, त्याला माझ्या प्रोग्रॅमात जागा ठेवली नाही. आकडा बसला नाही की प्रोग्रॅम तिच्या आधी लागलेल्या किटलीचा फॅट तिला लावायचा. नायक, तुमच्या गाईचा फॅट रोज काकीच्या नावावर लागत होता. तिनं थेंबभर पाणी घातलं नव्हतं.

"माझ्या गाईचा?" नायकांनी विचारलं, आणि त्यांना समजलं. हळूहळू सगळ्यांनाच समजलं. जे रांगेत हसले होते ते जमिनीकडं बघायला लागले. रूपाबाईनं तोंडाला पदर लावला. रणजीतला वाटलं, आता कुणी तरी शिव्या द्याव्यात, अंगावर धावून यावं, म्हणजे बरं होईल. कुणी आलं नाही.

धुरपताबाई ताठ उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उलट जरा हलकं वाटल्यासारखं होतं. चूक झाली, लेकराकडून झाली, एवढंच असतं तर तिनं तिथल्या तिथं पोटात घातली असती. पण तिला एक गोष्ट विचारायची होती.

"तुला कवा कळलं रे, रण्या?"

आत्ताच कळलं, असं म्हणता आलं असतं. काल कळलं, असंही. खोटं त्याच्या जिभेवर तयार होतं. पण आता त्याला स्वतःचाच कंटाळा आला होता.

"तुझं दूध परत चालू झालं ना, त्याच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे लोक हसून राहिले होते, तवा तुला ठाऊक होतं."

"व्हय, काकी."

तिनं मान हलवली, दुकानात हिशोब समजल्यावर हलवायची तशी. पुनमचंद नायकांनी पागोटं काढलं, तिच्यापुढं हात जोडले, आणि चरवी स्वतः उचलून तिच्या हातात दिली. सगळ्यांनी हात जोडून अरदास म्हटली. तिनं तूप ओतलं, निखाऱ्यावर जाळ उठला, बायांनी पुन्हा गाणं धरलं.

भोगानंतर प्रसाद कारभाऱ्याच्या घरच्यानं वाटायचा असतो. धुरपताबाई परात घेऊन एकेकापुढं गेली. हसणाऱ्यांनाही तिनं मूठभर दिला, नाव घेऊन, विचारपूस करून. रणजीतपुढं आली तेव्हा त्यानं दोन्ही हात पुढं केले. सगळ्यांना दिला तेवढाच शिरा तिनं त्याच्या हातावर ठेवला, कमी नाही, जास्त नाही.

"घ्या, सायेब," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडं वळली.

नायकांच्या मागं तिची किटली अजून रोज लागते. दुकानातही ती येते, रांगेत थांबते, आपली पाळी आली की सायेब, अंगठा घेता का म्हणून विचारते. रणजीत मान वर न करता तिचा अंगठा मशीनवर धरतो. सबंध तांड्यात त्याला रण्या म्हणणारं आता कुणी राहिलं नाही.